'प्रक्षेपित प्रकाश' की नुसता झोत?

निंबोणी: एका कलाविषयक लेखाचं मराठी करतेय. विषय टिम नोबल आणि स्यू वेब्स्टर या ब्रिटिश जोडीचं १९९८ सालचं एक काम. सहा महिन्यांचा स्वतःचाच कचरा जमिनीवर रचलाय, त्यात पेंढा भरलेले दोन कुरव पक्षी. समोरून प्रोजेक्टर लावला की भिंतीवर पाठीला पाठ लावून बसलेल्या या दोघांची हुबेहूब सावली पडते. एक जण वाइन पितंय, एक सिगारेट ओढतंय.

मी लिहिलं : 'टाकाऊ वस्तू व प्रक्षेपित प्रकाश यांतून साकारलेले समकालीन शिल्प'. घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, "कुठून सोडणार, श्रीहरिकोट्याहून?" काय लिहू?

साखरझोप: सासरेबुवांचं काही चुकलं नाही. उपग्रहाचं प्रक्षेपण होतं, क्रिकेटचं थेट प्रक्षेपण होतं. मूळ 'क्षिप्' म्हणजे फेकणे, त्यामुळे व्याकरणाने तुम्ही बरोबर आहात, पण वाचकाच्या डोळ्यापुढे रॉकेट येतं. 'प्रक्षिप्त' लिहिलं नाहीत हे नशीब. ते म्हणजे पोथीत मागाहून घुसडलेलं. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असल्याच भेसळीपायी.

आपल्याकडे साधा 'झोत' आहे. झोत टाकतात, सोडतात. अग्रलेखांनी 'समस्यांवर प्रकाशझोत' टाकून टाकून तो गुळगुळीत केलाय, पण इथे खरोखरचा दिवा आहे, तेव्हा बिनधास्त वापरा. 'कवडसा' मात्र नको. तो कौलाच्या फटीतून आपसूक येतो, कुणी लावत नाही.

पितळीडबा: माझा राग 'टाकाऊ'वर आहे. हा शब्द दिसला की पुढे 'पासून टिकाऊ' येतंच, आणि डोळ्यापुढे शाळेच्या प्रदर्शनातला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. जपानच्या शिगेओ फुकुदा यांनी १९८७ साली ८४८ काटे, चमचे आणि सुऱ्या वेल्डिंगने जोडल्या. नुसतं बघाल तर चमच्यांचं गचपण, सावली मात्र मोटरसायकलची. यात चमचे टाकाऊ नाहीत आणि दिवा मालवला की मोटरसायकल गायब, म्हणजे टिकाऊही काही नाही! नोबल-वेब्स्टरच्या बाबतीत सरळ 'कचरा' म्हणा, फुकुदांच्या बाबतीत 'काटे-चमचे'. 'दैनंदिन वापरातील वस्तू' हे सरकारी निविदेतलं मराठी आहे.

निंबोणी: पटलं. मग पूर्ण प्रकाराला 'छायाशिल्प' म्हणू का?

साखरझोप: पाषाणशिल्प दगडाचं, काष्ठशिल्प लाकडाचं. त्या चालीने छायाशिल्प सावलीचं बनलेलं, आणि इथे ते निम्मंच खरं. ढिगारा लपवलेला नाही, तोही बघायचाच आहे. पिंगुळीला (कुडाळ तालुका) ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. तिथे बाहुली पडद्यामागे, दिवा तिच्याही मागे, आणि पाहणाऱ्याला दिसते फक्त पडद्यावरची छाया. त्याला छायानाट्य शोभतं. इथे कचरा आणि सावली एका नजरेत दिसतात आणि त्या दोघांचं जुळत नाही, यातच गंमत आहे.

पितळीडबा: शिवाय 'छाया' पसरट आहे. छायाचित्र रंगीतही असतं. मुंबईच्या नलिनी मालानी यांनी २०१२ साली जर्मनीत कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या कलाप्रदर्शनात पाच फिरते पारदर्शक मायलरचे (प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे) दंडगोल टांगले होते. त्यांवर आतून चित्रं रंगवलेली, आणि त्यांतून आरपार व्हिडिओचे झोत. भिंतीवर रंग, आकृत्या आणि काळोख एकमेकांत मिसळत फिरत राहतात. भिंतीवरच्या त्या खेळाला 'छाया' म्हणणं ठीक. नोबल-वेब्स्टरची मात्र अस्सल काळीकुट्ट सावलीच.

एक तांत्रिक पुरवणी : दिवा जितका ठिपक्यासारखा, तितकी सावलीची कड धारदार. ट्यूबलाइट लावाल तर भूगोलाच्या पुस्तकातली उपच्छाया सगळीकडे पसरेल आणि सिगारेट ओळखूच येणार नाही. म्हणून नुसता 'प्रकाश' शब्द इथे अपुरा आहे. झोतच हवा.

हुंबरठा: इन्स्टॉलेशनला 'मांडणशिल्प' रूढ आहे की! उगाच नवीन कशाला?

साखरझोप: रूढ आहे, चांगलाही आहे. त्यात पहिलं पद वस्तूचं नाही, कृतीचं आहे. प्रकार सांगायला तोच ठेवा, आणि सावली वाक्यात येऊ द्या. प्रत्येक गोष्टीला समास हवाच असं नाही. मराठीत क्रियापदंही असतात.

निंबोणी: हे कसं वाटतं? 'सहा महिन्यांचा कचरा रचून केलेलं मांडणशिल्प. त्यावर झोत सोडला की भिंतीवर दोन माणसांची सावली पडते.'

पितळीडबा: 'समकालीन' गेलं ते उत्तम.

निंबोणी: सासऱ्यांना पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाले, "आता समजलं. पण सहा महिने कचरा टाकला नाही, आणि शेजारी गप्प बसले?"