चौदा मजले उतरवणारी फायर ड्रिल: गरज की नुसता तमाशा?

अर्धवट_झोपेत
मंडळी, जरा मोकळं होतो. आमचं ऑफिस हिंजवडीत, चौदाव्या मजल्यावर. दर सहा महिन्यांनी एचआरचा मेल येतो, उद्या ११ वाजता मॉक ड्रिल, सहकार्य करा. सहकार्य म्हणजे काय तर भोंगा वाजला की लॅपटॉप लॉक करून जिन्याने खाली, पार्किंगमधे उन्हात उभं राहायचं, नारंगी जाकीटवाला एक मुलगा शिट्टी मारत डोकी मोजणार, तीनदा मोजणार कारण दर वेळी आकडा वेगळा, मग एक गृहस्थ ट्रेमधली आग सिलिंडरने विझवून दाखवणार, सगळे व्हिडिओ काढणार आणि वर जायला लिफ्टची ही लांब रांग. परवा पाऊण तास गेला, क्लायंटचा कॉल बुडाला तो वेगळाच. टीममधल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यालाही उतरवला, दुसऱ्या दिवशी बिचारा सुट्टीवर. आदल्या दिवशी मेल टाकून कधी आग लागते का? वर्षातून एकदा व्हिडिओ दाखवा, क्विझ घ्या, विषय संपवा. एवढी काळजी असेल तर रात्री ९ नंतरचे कॉल बंद करा, त्या मोडक्या खुर्च्या बदला. आमच्यात बीपीच्या गोळ्या खाणारे किती आहेत ते मोजा एकदा शिट्टी मारून.

कटिंग_स्पेशल
+१. आम्ही भोंग्याच्या दहा मिनिटं आधीच टपरीवर असतो. अर्धा फ्लोअर तिथेच. मोजणीत सुखरूप धरतात आम्हाला, आणि तसे असतोच म्हणा 😄

सातव्या_मजल्यावरची
मला नाही पटलं. २३ फेब्रुवारी २०१० ला बंगळुरूत जुन्या एअरपोर्ट रोडवर कार्लटन टॉवर्सला आग लागली, मी तेव्हा तिथेच नोकरीला होते, दुसऱ्या बिल्डिंगमधे. आपल्यासारखीच ऑफिसं होती तिथे. आग वायरिंगच्या डक्टमधे लागली पण धूर सगळीकडे पसरला, खाली यायचा रस्ता सापडेना म्हणून लोकांनी खिडक्या फोडून उड्या मारल्या. नऊ जण गेले. भर दुपारी, कामाच्या वेळी. त्यानंतर कितीतरी दिवस मी कुठेही गेले की आधी जिना कुठे आहे ते बघायचे. व्हिडिओ बघून नाही हो येत ते.

अर्धवट_झोपेत
वाईटच झालं ते. पण बंद रस्त्याला ड्रिल काय करणार?

बिल्डिंगवाला_बाब्या
रस्ता बंद आहे हे कळतं ना त्याने! मी याच धंद्यात आहे, ॲडमिन-फॅसिलिटी, बारा वर्षं झाली. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यात दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावा लागतो की यंत्रणा चालू आहे. फॉर्म यायचा, फाईलला लागायचा. मग एकदा मी मेल न टाकता ड्रिल घेतली. अलार्म झाला की कार्डवाल्या दाराचं मॅग्नेट आपोआप सुटलं पाहिजे. सुटलं नाही. चाळीसएक माणसं दारात उभी राहून कार्ड दाखवतायत, मागून ढकलाढकली, एक जण तर म्हणे रांगेत या. दुसऱ्या जिन्याचं फायर डोअर सताड उघडं, कारण सिगरेटवाल्यांनी त्याला अडकण म्हणून काय लावलं होतं माहितीये? आग विझवायचा सिलिंडर. ते दार धूर जिन्यात येऊ नये म्हणून असतं हो, जिना एकदा धुराने भरला की तो जिना राहत नाही, धुराडं होतं.

गुडघेवाल्याला उतरवला ही मात्र सरळ चूक. अशा माणसाबरोबर एक जोडीदार ठरवून द्यायचा आणि रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी सुरक्षित थांबायला राखलेल्या जागेत, थांबवायचं. २४ मीटरच्या वर बिल्डिंग गेली की ती जागा ठेवावीच लागते. तुमच्याकडे असणारच, बघा तिथे काय ठेवलंय.

अर्धवट_झोपेत
टेबल टेनिस 🙈

सदाशिव_पेठी
बाब्याराव, म्हणजे ती परीक्षा तुमच्या दाराची झाली, माणसांची नाही. मग दारं रविवारी तपासा की, कोण नको म्हणतंय. त्यासाठी सहाशे लोकांचा पाऊण तास कशाला? तुमचं काम तुम्ही नीट करत नाही आणि घाम आम्ही गाळायचा.

बिल्डिंगवाला_बाब्या
अर्धं बरोबर बोललात, घेतो पदरात. पण माणूस घाबरला की ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर पळतो, म्हणजे लिफ्टकडे. जिन्याची सवय पायांना लागावी लागते. तुमच्या मजल्यावरचा दुसरा जिना कुठे उघडतो, न बघता सांगा बरं.

सदाशिव_पेठी
आमचं ऑफिस वाड्यात आहे. जिना एकच आणि तोही लाकडी.

बिल्डिंगवाला_बाब्या
मग तर तुम्ही रोज ड्रिल घ्या 🙏

हेल्मेटधारी
न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधे मॉर्गन स्टॅन्ली या बँकेचा सिक्युरिटीचा प्रमुख होता रिक रेस्कोर्ला. १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर त्याने लोकांना पुन्हा पुन्हा जिने उतरवले, तिथेही साहेब लोक वैतागायचे. २००१ मधे त्याच सवयीने त्यांची दोन हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली. तो स्वतः परत वर गेला, तो नाही आला.

सदाशिव_पेठी
आलं का अमेरिकेचं उदाहरण. तिथे मोजणी तरी नीट होत असेल.

मीठ_भाकरी
मोजणीवरून आठवलं. मागच्या ड्रिलला आम्ही वर आलो तर हाऊसकीपिंगच्या मावशी पॅन्ट्रीत कप विसळत होत्या. म्हणाल्या, कुठं गेला होता गं सगळ्या, भोंगा किती वेळ वाजत होता. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एजन्सीच्या माणसांचं नाव आमच्या स्वाईपच्या यादीत नसतं, म्हणून खाली शंभर टक्के हजेरी आणि टाळ्यासुद्धा. ड्रिल बंद करू नका पण असली करणार असाल तर अर्धवट_झोपेत म्हणतो ते खरंय, तमाशाच आहे.

अर्धवट_झोपेत
चला, कोणीतरी आपल्या बाजूने बोललं. माझा मुद्दा तोच आहे, आणि रात्रीच्या कॉलचं कोणी बोलतच नाहीये.

सातव्या_मजल्यावरची
बोलते की. तुमची ड्रिल कायम सकाळी ११ ला, रात्री ९ ला कधी घेतलीये? तेव्हा मजल्यावर वीस-पंचवीस डोकी, ना जाकीटवाला ना शिट्टी. आम्हा बायकांना साडेनऊनंतर थांबवायचं तर २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार आमची संमती लागते, शिवाय सुरक्षेची आणि घरी सोडायची सोय. आमच्याकडे गाडी वेळेवर येते, ट्रॅकिंग आहे, सोबत गार्ड असतो. पण गाडीपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता रात्री उघडा असतो का, हे कोणी बघितलंय?

कटिंग_स्पेशल
लिफ्ट आहे ना

सातव्या_मजल्यावरची
🤦‍♀️ वरचं सगळं परत वाच.

अर्धवट_झोपेत
अपडेट. सातव्या मजल्यावरच्या ताईंमुळे डोक्यात किडा शिरला. काल कॉल संपला पावणेदहाला, म्हटलं आज दुसऱ्या जिन्याने उतरून बघू. दिवे निम्मे बंद, सहाव्या मजल्यावर कोणाच्या तरी जुन्या मॉनिटरचे खोके, आडवं होऊन जावं लागलं. तळाला पोचलो तर दाराला साखळी आणि कुलूप. हाका मारल्या, पाच मिनिटांनी पलीकडून गार्डकाका आले, म्हणाले रात्री बंदच असतं साहेब, बॅटऱ्या चोरीला जातात. चावी कुठे? मेन गेटच्या केबिनमधे. फोटो काढून ॲडमिनला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. ड्रिल अजूनही मला भंपकच वाटते, पण पुढची रात्री घ्या असं लिहिलंय त्यात.

कटिंग_स्पेशल
मग काय, चौदा मजले परत चढलास?

अर्धवट_झोपेत
नाही रे, तिसऱ्या मजल्यापर्यंत. दार बडवलं, आतून एका मावशींनी उघडलं.