नंबरवाल्या बायकर्सनो, डोळ्यांवर काय घालता? (अनुभव धागा)

चष्म्याचा नंबर असलेल्याला गाडीवर नीट दिसायलाही हवं आणि डोळ्यात काही जायलाही नको. रोजचा चष्मा पहिलं काम करतो. दुसरं अर्धवटच, कारण वरून-खालून-बाजूने वारा, धूळ, चिलटं आत शिरतात. माझा नंबर उणे साडेतीन. फुल फेस हेल्मेट, काच खाली, आत चष्मा, यावर माझं भागतं. पण ओपन फेसवाले (म्हणजे चेहरा उघडा ठेवणारं हेल्मेट), लेन्सवाले, चाळिशीवाले काय करतात? सुरुवातीला नंबर आणि हेल्मेटचा प्रकार लिहा. नुसतं 'मस्त आहे' नको.

उणे ६, फुल फेस
माझी लढाई काड्यांशी. हेल्मेटचं पॅडिंग काड्या कानशिलात दाबतं आणि अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. कानामागे वळणाऱ्या काड्या हेल्मेट घातल्यावर आत जातच नाहीत. बारीक, सरळ काड्यांचीच फ्रेम घ्या. काही हेल्मेटांच्या पॅडमध्ये चष्म्यासाठी खाच असते, ती बघा. हेल्मेट घ्यायला जाताना चष्मा न्या आणि चष्मा करायला जाताना हेल्मेट. दुकानदार हसला तर हसू दे. दोन्ही घालून पंधरावीस मिनिटं तसंच बसायचं. आणि जागा करायला आतला थर्माकोल कोरू नका, धक्का तोच शोषतो.

उणे ४, फ्लिप-अप (हनुवटीचा भाग वर उचलता येतो ते)
मी चष्म्याच्याच व्यवसायात आहे, म्हणून जरा लांबण लावते. फ्रेमवर सगळे बोलतात, भिंगावर कोणी नाही. खरी काच गाडीवर नकोच, फुटली तर तुकडे डोळ्यात. नेहमीचं प्लास्टिक, म्हणजे सीआर-३९, नजरेला स्वच्छ असतं पण जोराच्या माराने तडकतं. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, ही मार सोसणारी प्लास्टिकं मागा. पॉलिकार्बोनेट जास्त पातळ होतं, पण मोठ्या नंबरात कडेने बघताना रंगांच्या किनारी दिसतात. ज्यांना त्या खुपतात त्यांना मी ट्रायव्हेक्स सुचवते.

मजबूत भिंग साध्या फ्रेममध्ये बसवलं तर भिंग फुटत नाही, पण माराने अख्खं आत निखळू शकतं. म्हणून ओपन फेसवाल्यांनी फ्रेमवरही 'झेड८७' आणि त्याच्या शेजारी अधिकचं चिन्ह आहे का ते पाहावं. या अमेरिकन मानकात ६.३५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने भिंगावर मारतात, म्हणजे ताशी १६० किमीच्या पुढे. समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्यासमोर साधी फॅशनेबल फ्रेम कुठे टिकणार?

उणे ५ आणि सिलिंडर (वक्रतादोषाचा नंबर), ओपन फेस
डोळ्यांभोवती वळणारा गॉगल नंबरात करून घ्यावा असं सगळ्यांनाच वाटतं. छोट्या नंबरात जमतं. माझ्या नंबरात कडेचा रस्ता वाकडा दिसायचा आणि ब्रेक लावताना अंतर चुकल्यासारखं वाटायचं. भिंग जितकं गोल आणि तिरकं, तितका नंबर त्यात हिशोब करून बसवावा लागतो. सगळीकडे तो हिशोब होत नाही. आता चष्म्यावरून घालायचा गॉगल वापरतो, ज्याच्या फोममध्ये काड्यांसाठी फटी असतात. दिसतो विहिरीत उतरणाऱ्या पाणबुड्यासारखा, पण डोळ्यांतून पाणी यायचं थांबलं.

उणे २, फुल फेस, कॉन्टॅक्ट लेन्स
काच बंद असेल तर लेन्ससारखं सुख नाही. काच जरा उघडली की मऊ लेन्स कोरडी पडते. हार्ड लेन्सवाल्यांचं आणखी अवघड: कण खाली गेला तर डोळा उघडत नाही, आणि गाडी बाजूला घेईपर्यंत एका डोळ्यावर चालवायचं. खिशात चष्मा हवाच.

प्रोग्रेसिव्ह (एकाच भिंगात वर दूरचा, खाली जवळचा नंबर), स्पोर्ट्स बाइक
चाळिशीवाल्यांनो, बसण्याची ढब बघा. पुढे झुकलं की रस्ता भिंगाच्या अगदी वरच्या कडेतून दिसतो, आणि माझ्या फ्रेमची कड नेमकी तिथेच संपायची. उंच भिंगाची फ्रेम घेतली आणि दूरचा भाग थोडा खालपर्यंत ठेवून घेतला. मीटर वाचण्यापुरता जवळचा नंबर गाडीवर पुरतो. ताठ बसून चालवणाऱ्यांना हा त्रास बहुधा नसेल.

उणे ३, फुल फेस
उन्हात काळा होणारा चष्मा हौसेने केला, हेल्मेटमध्ये तो काळा होईना! तो अतिनील किरणांवर चालतो आणि ते हेल्मेटची काच आधीच अडवते. पोलराइज्डचंही तसंच: ओल्या रस्त्याची चमक मारतो हे खरं, पण काही डिजिटल मीटर त्यातून काळे दिसतात आणि हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. शिवाय ती चमक गेली की सांडलेलं तेलही लवकर कळत नाही. साधं करडं भिंग बरं.

धागाकर्ता
छान माहिती! काचेवर धरणाऱ्या धुक्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? हेल्मेटच्या काचेला आतून पिनलॉक, म्हणजे धुकं न धरणारा जादा पातळ पडदा, लावला की काच साफ राहते, चष्म्यावर मात्र श्वासाची वाफ बसतेच. मी नाकाखाली वाफ खाली वळवणारी पट्टी लावतो आणि सिग्नलला काच बोटभर उघडतो.

उणे ४, फ्लिप-अप
भिंगाला धुकं न धरणारा लेप मिळतो, पण तो रुमालाने खसाखसा पुसला की जातो. आणि कोणी रात्रीसाठी पिवळी भिंगं विचारायच्या आधीच सांगते: त्यातून उजेड कमीच येतो. रात्री बिनरंगी, परावर्तन कमी करणारा लेप दिलेली भिंगं घ्या.