क्रूझची खोली: चौघांसाठी एक बाल्कनीची, की आतल्या दोन?

धरमपेठकर:
नमस्कार. येत्या डिसेंबरात मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझला जाण्याचा आमचा विचार आहे. सोबत पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांची आई असेल. आईचे गुडघे दुखतात आणि चिखलदऱ्याचा घाट चढतानासुद्धा तिला मळमळते. आम्हा नागपूरकरांची पाण्याशी ओळख फुटाळा आणि अंबाझरीपुरतीच, त्यामुळे जहाजावरच्या खोल्यांचा काहीच अंदाज नाही. एजंट बाल्कनीचा आग्रह धरतो आहे. पण साधारण तेवढ्याच पैशांत बिनखिडकीच्या दोन खोल्या मिळत आहेत. कोणता पर्याय घ्यावा?

जुना प्रवासी:
खोली कोणत्या प्रकारची आहे, यापेक्षा ती जहाजावर नेमकी कोठे आहे, हे आधी पाहावे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर प्रत्येक खड्डा अंगावर येतो आणि मधल्या बाकावर तितका जाणवत नाही, तसेच काहीसे जहाजाचे असते: लाटांवर ते पुढे-मागे झुलते तेव्हा टोकांकडच्या खोल्या अधिक वरखाली होतात, आणि बाजूंना कलते तेव्हा वरच्या डेकवरचा झोका मोठा असतो. म्हणून आईंसाठी मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या डेकवर खोली घ्यावी. गंमत अशी, की वरच्या डेकवरच्या खोल्या बहुधा महाग असतात आणि मळमळणाऱ्या माणसाला त्याच अधिक त्रास देतात. डिसेंबरात अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानाने पुष्कळ शांत असतो, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

दुसरे म्हणजे, डेकचा नकाशा मागवून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते तपासावे. वर पोहण्याचा तलाव किंवा भोजनकक्ष असेल, तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येत राहतो. खाली नाट्यगृह असेल, तर रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकू येतात. आमच्या पहिल्या सफरीत मी हे पाहिले नाही आणि तिन्ही रात्री जागून काढल्या. गुडघ्यांसाठी लिफ्ट जवळ हवी, पण दार लिफ्टसमोरच उघडणारी खोली नको. चार-पाच खोल्यांचे अंतर पुरे.

प्रतापनगरची सून:
वरील मत बरोबर आहे. मात्र बिनखिडकीच्या खोलीबाबत मी सावध करू इच्छिते. माझ्या सासूबाईंना लाटांपेक्षा त्या बंद खोलीचाच त्रास अधिक झाला, कारण दिवस आहे की रात्र हेच तेथे कळत नव्हते. मळमळ होऊ लागली की दूर क्षितिजाकडे पाहिल्याने आराम पडतो, आणि त्या खोलीत पाहायला क्षितिजच नसते. बाल्कनी परवडत नसेल, तर न उघडणाऱ्या काचेच्या खिडकीची खोली हा मधला मार्ग आहे. मात्र ती घेताना खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना, हे विचारून घ्यावे. अशा खोल्या स्वस्तात देतात आणि समुद्राऐवजी नौकेचे पोट पाहत बसावे लागते.

शिवाय एका खोलीत चौघे म्हणजे दोन पलंग खाली आणि दोन रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे, शिडीने चढण्याचे. मुलगा खूश होईल, पण दुसऱ्या बर्थवर तुम्हा दोघांपैकी एकाला चढावे लागेल आणि स्नानगृह चौघांत एकच असेल.

धरमपेठकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मग एक खिडकीची खोली आई आणि पत्नीसाठी, आणि तिच्यासमोरची आतली खोली माझ्यासाठी व मुलासाठी, असे केले तर? आणि सूर्यास्त कोणत्या बाजूने दिसेल?

जुना प्रवासी:
उत्तम जुळणी आहे. गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जाते, म्हणून पश्चिम उजव्या हाताला येते. परतताना ती डावीकडे जाते. त्यामुळे बाजूसाठी जादा पैसे मोजू नयेत, सूर्यास्त उघड्या डेकवरून सर्वांनाच दिसतो.

खोलीचा क्रमांक मात्र आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्यावा. ‘प्रकार आमचा, क्रमांक कंपनी ठरवेल’ अशा अटीवर थोडी सूट मिळते, पण मग दोन्ही खोल्या समोरासमोर मिळण्याची खात्री राहत नाही आणि आईंची खोली थेट जहाजाच्या टोकालाही जाऊ शकते. तसेच, जहाज सुटताना सर्व प्रवाशांना आपत्कालीन सराव करावा लागतो आणि खऱ्या संकटात लिफ्ट वापरता येत नाही. आईंना जिने चढताना मदत लागेल, हे आरक्षणातच नोंदवून ठेवावे आणि मळमळीची गोळी कोणती व कधी घ्यायची, ते नागपुरातच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

धरमपेठकर:
एजंटकडून डेकचा नकाशा आजच मागवला आहे. त्याने दाखवलेली बाल्कनीची खोली जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला, वरून दुसऱ्या डेकवर निघाली.