'माउस मॉडेल'ला मराठीत काय म्हणावं? ('आदर्श उंदीर' सोडून)

अर्धविराम: पालकांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. मुलांच्या मेंदूच्या जडणघडणीतले विकार, त्यामागची जनुकं आणि ती तपासायला वापरतात ते प्राणी, असा विषय. 'माउस मॉडेल', म्हणजे माणसाचा विकार अभ्यासण्यासाठी वापरतात तो उंदीर, पानोपानी येतं. मी 'प्रतिकृती' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'आदर्श उंदीर' केलं. मॉडेल स्कूल म्हणजे आदर्श शाळा, तसं. तेव्हापासून मला तो उंदीर रांगेत उभा राहून प्रार्थना म्हणताना दिसतोय. सुचवा काहीतरी.

कोशकीटक: प्रारूप. 'प्राणी-प्रारूप'. झालं.

उगाच: प्रारूप म्हणजे मसुदा ना? प्रारूप आराखडा आला की हरकती-सूचना मागवतात. इथे हरकत कोण घेणार, उंदीर?

खलबत्ता: साधा 'नमुना' का नको?

अर्धविराम: 'ऑटिझमचा नमुना' असं लिहून पालकांच्या हातात द्यायचं? 'काय नमुना आहे' हे आपण कौतुकाने कधी म्हणतो का?

खलबत्ता: खरंय. मागे घेतो.

प्रयोगवही: काही वर्षं मी या उंदरांबरोबर काढली आहेत, म्हणून बोलते. अर्धविराम, 'आदर्श' हास्यास्पद आहे, पण तुमचा 'प्रतिकृती' त्याहून घातक. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराचं बघा. माणसात एफएमआर१ या जनुकात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. हे त्रिकूट २००हून जास्त वेळा आलं की जनुक गप्प होतं आणि त्याचं प्रथिन बनत नाही. १९९४ साली जो उंदीर तयार केला, त्यात अक्षरांची ती लांबलचक रांग नाहीच, सरळ जनुकच मोडलेलं आहे. प्रथिन दोघांतही नाही, पण तिथवर पोचायची वाट वेगळी. मेंदूत संदेश पोचवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) आवर घालणारी औषधं या उंदरांना छान लागू पडली. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र अपेक्षित गुण आला नाही. 'प्रतिकृती' वाचलेले पालक विचारणारच, प्रतिकृती बरी झाली मग आमचं मूल का नाही? शिवाय उंदराला ऑटिझम झाला असं म्हणताच येत नाही. तो दुसऱ्या उंदरापाशी किती वेळ घालवतो, स्वतःचं अंग किती चाटतो, गोट्या किती पुरतो, हे मोजतात. बस.

उगाच: गोट्या?

प्रयोगवही: काचेच्या. भुश्यावर मांडून ठेवतात आणि ठरावीक वेळात किती गाडल्या ते बघतात.

खलबत्ता: एवढा फरक असेल तर उंदीर हवा कशाला?

प्रयोगवही: कारण काही प्रश्न माणसात विचारताच येत नाहीत. रेट सिंड्रोममध्ये एमईसीपी२ हे जनुक बिघडलेलं असतं. उंदरांत ते आधी बंद ठेवून, लक्षणं दिसायला लागल्यावर पुन्हा चालू केलं, तर लक्षणं बरीचशी मागे फिरली. हे २००७चं काम. त्याआधी, एकदा बिघडलेला मेंदू गेला तो गेलाच, अशी समजूत होती. म्हणून माझं मत: 'मॉडेल'चं भाषांतर करूच नका. 'अमुक जनुक बंद केलेला उंदीर' लिहा. लांबतं, पण खोटं नाही.

कोशकीटक: 'बंद केलेला उंदीर' म्हणजे पिंजऱ्यात कोंडलेला. जनुक असं मोडण्याला, म्हणजे नॉकआउटला, 'जनुक-बाद' म्हणा.

उगाच: पंचांनी बोट वर केलं! मग नॉक-इन म्हणजे नाबाद?

प्रयोगवही: नॉक-इनमध्ये जनुक जागेवरच असतं, त्यात हवा तो बदल घालतात. आणि नॉकडाउन म्हणजे जनुकाचा नुसता आवाज कमी करणं. 'बाद'मध्ये हे बसवून दाखवा.

पाटीपेन्सिल: मध्येच विचारते. सगळे 'ते जनुक' म्हणताय. आम्ही शाळेत 'तो जनुक' शिकलो.

खलबत्ता: माझ्या मते जनुक हा 'जणू'वरून आला. लेक जणू आईच. जणू, जणुक, जनुक.

कोशकीटक: अहो खलबत्ता, काहीही काय! सरळ 'जन्' धातू आहे. १९०९ साली योहानसेन या शास्त्रज्ञांनी रूढ केलेल्या 'जीन'मागे जे ग्रीक मूळ आहे, ते याच 'जन्'चं भावंड. आणि नुसतं 'जीन' लिहिलंत तर मराठीत ते खोगीर होतं.

खलबत्ता: तरी 'जणू' गोड आहे.

प्रयोगवही: नावांवरून आठवलं. फळमाशीच्या एका जनुकाचं नाव 'व्हाइट'. ते धड असलं की डोळे लाल होतात! मॉर्गन या शास्त्रज्ञांना १९१०मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी मिळाली, म्हणून बिघाडाचं नाव जनुकाला चिकटलं. 'रीलर' उंदीर झोकांड्या खातो. त्याचं जनुक सापडलं तेव्हा प्रथिनाचं नाव पडलं रीलिन. मेंदूच्या पेशींना आपापल्या थरात नेऊन बसवणारं गुणी प्रथिन, नाव मात्र झोकांडीचं. 'ऑटिझमचं जनुक' ही चूक याच जातीची. ते जनुक ऑटिझमसाठी नसतं हो. त्याचं काम वेगळंच असतं, आणि बिघाड झाल्यावर आपण ते ओळखायला लागतो. पुस्तिकेत षष्ठीचा एवढा 'चं' तरी टाळा.

अर्धविराम: हे घेते. पण 'मॉडेल'चं काय?

उगाच: मॉडेलच ठेवा. पालक डॉक्टरांकडून तेच ऐकणार.

कोशकीटक: मग उंदराचाही माउस करून टाका.

उगाच: तो केव्हाच झाला. टेबलावर आहे.

अर्धविराम: हसू नका, खरंच अडलेय. पुढच्याच पानावर 'माउस आणि रॅट, दोन्हींत' असं वाक्य आहे. काय लिहू, 'उंदीर आणि उंदीर, दोन्हींत'?

खलबत्ता: रॅट म्हणजे घूस.

प्रयोगवही: घूस वेगळी. ती प्रयोगशाळेत शिरली तर आम्हीच बाहेर पळू.

पाटीपेन्सिल: चिचुंद्री?

कोशकीटक: चिचुंद्री उंदरांच्या गणातलीच नाही. आणि ताई, 'ते जनुक'. नपुंसकलिंगी.

पाटीपेन्सिल: आमच्या बाई 'तो' म्हणायच्या.