यूपी ट्रिप: इश्पेमिंगचं स्की हॉल ऑफ फेम, वाट वाकडी करून जावं का?

नोव्हायकर
मंडळी, ऑगस्टच्या शेवटी यूपीला चाललोय (मिशिगनचा पुलापलीकडचा यूपी हो, म्हणजे अप्पर पेनिन्सुला, लखनौवाला नाही). पिक्चर्ड रॉक्स वगैरे नेहमीचं ठरलंय, पण मार्केट (Marquette) नावाच्या गावापासून पंधरा-वीस मैलांवर इश्पेमिंग म्हणून गाव आहे आणि तिथं अख्ख्या अमेरिकेचं स्की अँड स्नोबोर्ड हॉल ऑफ फेम आहे हे परवा कळलं. कन्यारत्न स्नोबोर्डवालं, वय वर्षं १३, मी चाळिशीत स्की शिकलेला, अजूनही पिझ्झा करत करतच (म्हणजे स्कीची टोकं जुळवून, ब्रेक लावत) खाली येतो.

तर प्रश्न असा की जाण्यासारखं आहे का, की भिंतीला फोटो आणि कपाटात जुने बूट एवढंच? आणि दुसरं म्हणजे त्यांची नावं चाळत होतो तर बरेच लोक कधी कुठली रेस जिंकलेलेच नाहीत, कुणी स्की बनवायचा, कुणी रिसॉर्ट काढलं. अहो, धंदा केला, पैसे कमावले, त्यात सन्मान कसला? सचिनच्या शेजारी त्याची बॅट बनवणाऱ्याचा फोटो लावतो का आपण? घरात यावरून वाद झालाय, लेक म्हणते बाबा तुला काही कळत नाही. आणि कोलोरॅडो-यूटा सोडून हे असल्या आडगावात का, तेही सांगा.

यूपीची_सून
आडगाव म्हणू नका हं, सासर आहे माझं त्या बाजूला 😀

इश्पेमिंग म्हणजे लोखंडाच्या खाणींचं गाव. खाणीत कामाला नॉर्वे, स्वीडन, फिनलंडहून माणसं आली ती स्की घेऊनच आली, आपण कुठंही गेलो की गणपती बसवतो ना, तसं त्यांनी गेल्या गेल्या स्की क्लब काढला, १८८७ साली. तेव्हा स्की म्हणजे मुख्यतः टेकडीवरून उडी मारायची, चेअरलिफ्टबिफ्ट कुणी ऐकलेलीच नाही. मग २१ फेब्रुवारी १९०५ ला कार्ल टेलेफ्सेन नावाच्या गृहस्थाने इथंच नॅशनल स्की असोसिएशन स्थापन केली, आजची अमेरिकेची जी राष्ट्रीय स्की संघटना आहे तिचं मूळ ते. म्हणून हॉल इथं. म्युझियम १९५४ चं, पहिली नावं घेतली १९५६ ला, आत्ताची इमारत १९९२ ची. जवळच नेगॉनीत उडीची टेकडी आहे, तिचं नाव सुइसाइड हिल! ती खालून उभं राहून बघाच, पोटात गोळा येतो.

लहान जागा आहे, दीड-दोन तास पुरतात, भव्यदिव्य काही डोक्यात धरून जाऊ नका. आणि निघायच्या आधी फोन करून वेळ विचारा, यूपीत वेबसाइटवर विसंबून राहायचं नसतं.

मुलीला अँडर्स हॉगनची गोष्ट मात्र गाडीतच सांगून ठेवा. मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला. १९२४ च्या शामोनी ऑलिंपिकला हा स्की जंपिंगमध्ये चौथा आला, ब्राँझ नॉर्वेच्या थोरलीफ हॉगला. पन्नास वर्षांनी कुणीतरी जुना कागद काढून गुणांची बेरीज परत केली तर चूक निघाली, तिसरा हॉगनच! हॉग तोवर वारलेला, तर त्याच्या मुलीने १९७४ मध्ये ऑस्लोला वडलांचं मेडल स्वतःच्या हाताने या म्हाताऱ्याला दिलं. मला तर दरवेळी रडू येतं हे सांगताना. आणि हॉल ऑफ फेमने त्याला मेडल मिळायच्या कितीतरी आधीच घेतलेलं होतं.

केळीवाला
@नोव्हायकर, बॅटवाल्याचं उदाहरण गंडलंय. बॅट नसती तर पोरं फळकुटानं खेळली असती, खेळलीच आहेत. पण लिफ्ट नसती तर तुम्ही चाळिशीत स्की शिकला असतात का? डोंगर चालत चढायचा, एकदा खाली यायचं, की परत चढायचं. दिवसाला किती रन होतील सांगा.

जिम करन नावाचा युनियन पॅसिफिक रेल्वेतला इंजिनियर. या माणसाने आधी जहाजात केळीचे घड चढवायची यंत्रं केली होती, फिरत्या दोराला हुक आणि हुकाला घड. १९३६ मध्ये रेल्वेने आयडाहोत सन व्हॅली रिसॉर्ट काढलं तेव्हा याने डोकं लावलं की हुकाच्या जागी खुर्ची आणि घडाच्या जागी माणूस. ओमाहात ट्रकला खुर्ची बांधून चाचणी घेतली, बर्फ नव्हता म्हणून आधी पेंढ्यावर स्की घालून आणि मग रोलर स्केट्स घालून माणसं बसवली! जगातली पहिली चेअरलिफ्ट ती. म्हणजे आपण सगळे केळी आहोत.

दुसरा हॉवर्ड हेड. विमानाच्या कारखान्यातला इंजिनियर, स्की करायला गेला, लाकडी स्कीवर धड जमेना, तर चूक स्कीची आहे म्हणाला (आपण शूजना दोष देतो तसंच, फक्त याने खरंच नवीन स्की बनवली). अॅल्युमिनियमचे पत्रे, मध्ये प्लायवुड. सुरुवातीच्या सगळ्या मोडल्या, हा परत बनवायचा, परत मोडायच्या. १९५० च्या सुमारास जमली आणि हौशी माणसाला वळणं घेता यायला लागली. पुढे याच बाबाने प्रिन्स कंपनीची मोठ्या तोंडाची टेनिस रॅकेट आणली, १९७६. म्हणजे स्वतःला खेळ जमत नाही म्हणून दोन खेळ बदलले!! पैसे मिळवले, मान्य. मिळवू देत की.

बोर्डवाली_वैदेही
तुमच्या मुलीला माझा हायफाइव्ह सांगा 🙌 स्नोबोर्ड तर शुद्ध मिशिगनचा. १९६५ चा ख्रिसमस, मस्केगन गाव, शर्मन पॉपेनच्या मुली घरात नुसता दंगा करतायत, म्हणून त्याने दोन स्की एकमेकींना जोडून टेकडीवर उभं राहून घसरायला दिल्या. बायकोने नाव ठेवलं स्नर्फर. मग बोलिंगचं सामान करणाऱ्या ब्रन्सविक कंपनीने ते खेळणं म्हणून विकलं. ते खेळणं लहानपणी जेक बर्टनच्या हाती पडलं आणि त्याने १९७७ ला व्हर्मांटमध्ये बोर्डची कंपनी काढली (त्याच काळात बोर्ड बनवणाऱ्या टॉम सिम्सचे भक्त आता भांडायला येतील, या, त्याचंही मानते).

आणि गंमत बघा, तेव्हा बहुतेक रिसॉर्टवाले बोर्डवाल्यांना लिफ्टवर चढूच द्यायचे नाहीत. बर्टनसारख्यांनी एकेका डोंगराच्या मालकाच्या मागे लागून परवानगी मिळवली. १९९८ ला जपानच्या नागानोत स्नोबोर्ड ऑलिंपिकला पोचलं. आल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या रिसॉर्टवर आजही बंदीच. तरीही त्याच स्कीवाल्यांच्या हॉलच्या नावात आता स्नोबोर्ड आहे, आणि बर्टन आणि पॉपेन दोघंही आत आहेत. बंदी उठवायला लावणं हे मेडलपेक्षा कमी आहे असं मला कुणी पटवून दाखवावं.

अफरवातचा_पडीक
पुण्याहून. गुलमर्गला दोनदा कोर्स केलाय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

इथलं काय? जेरेमी बुजाकोव्स्की हे नाव ऐकलंय कुणी? मूळचा पोलिश, पण १९६४ ला इन्सब्रुकला भारताकडून स्की केलं, विंटर ऑलिंपिकमधला आपला पहिला खेळाडू. शैलजा कुमार १९८८ ला कॅल्गरीला, पहिली भारतीय बाई, स्लालममध्ये (खांबांमधून वळणं घेत खाली यायची शर्यत) २८ वी. शेवटची आली म्हणून हसणारे हसतात, पण त्या दिवशी अर्ध्या मुलींना खालीच पोचता आलं नव्हतं हो. आंचल ठाकूरने २०१८ ला तुर्कस्तानात ब्राँझ आणलं तेव्हा जरा बातम्या झाल्या. आरिफ खान २०२२ ला बीजिंगला आपला एकटा खेळाडू, जायंट स्लालमला ४५ वा. त्याच्या वडलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. आता बोला नोव्हायकर, दुकानदाराचा फोटो लावायचा की नाही?

नोव्हायकर
बास बास, हरलो 🙏 केळीवाल्यांची पोस्ट लेकीला वाचून दाखवली, तेव्हापासून मला घरात केळं म्हणतायत.

सुइसाइड हिल आणि हॉल दोन्ही ठरलं. @वैदेही, मस्केगनला स्नर्फरचा पुतळा आहे असं तिने शोधून काढलंय, आता जाताना तिकडूनही जायचं म्हणते. नकाशात बघितलं तर पार दुसऱ्या किनाऱ्याला. बायको अजून काही बोललेली नाही.