समुद्रकाठच्या जुन्या घरातला मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

खारा_वारा
पितृपक्ष संपायच्या आत देवघर आवरू म्हणून बसले. चिंचेचा कोळ लावून देव घासताना शाळिग्राम दोन निघाले. एक आजेसासूबाईंचा. दुसरा शाळिग्राम नाहीच, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा गोटा आहे. तो देवांत कसा येऊन बसला ते आठवलं आणि हात तसाच चिंचेत राहिला.

२०११ चा जुलै. आम्ही तेव्हा लीड्सला होतो, आई-आबा पहिल्यांदाच आले होते. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर रॉबिन हुड्स बे म्हणून गाव आहे (रॉबिन हुडचा संबंध कुणी सिद्ध केलेला नाही, नाव मात्र भारदस्त). तिथलं कोळ्याचं जुनं घर आठवड्यासाठी घेतलं. गाडी वर टेकाडावर ठेवायची आणि बॅगा घेऊन तो जीवघेणा उतार उतरायचा. गल्ल्या अशा की समोरून कुणी आलं तर आपण दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. लाल कौलं बघून आबा म्हणाले, "हे तर आपलं हर्णै!" आत शिरताना चौकट कपाळावर बसली तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

आता आबांचं गणित. कोकणातल्यांना सांगायला नको: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आबा कालनिर्णय सोबत घेऊन आले होते. गुरुपौर्णिमा होती, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळीच फर्मान निघालं की अकरानंतर कुणी खाली उतरायचं नाही, पाणी धक्क्याला लागणार. पोरं खिडकीत तोंडं पाडून बसली. सव्वाअकरा वाजले. समुद्र पार लांब गेलेला, खडक उघडे पडलेले, अख्ख्या गावाची मुलं बादल्या घेऊन खेकडे शोधतायत. आबा चष्मा पुसतायत, परत लावतायत. आणि पावणेपाचच्या सुमारास पाणी आलं ते भिंतीवर फुटून उडायला लागलं.

रात्री जेवताना आबा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वही-पेन्सिल घेऊन खिडकीत. निघायच्या आदल्या दिवशी निकाल जाहीर केला, "इथलं पाऊणपट अधिक साडेपाच." घरात पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही असते ना, त्यात इतरांनी 'फार सुंदर मुक्काम' वगैरे लिहिलं होतं. आबांनी मराठीत हे सूत्र लिहिलं, खाली सही आणि तिथी.

गोटा आईला वाळूत सापडला. गोल, काळा, आत चक्र. म्हणाली, विष्णू आहे, इथे कसा टाकून जाऊ?

आबा जाऊन आता सहा वर्षं होतील. तुम्ही कुणी राहिलाय का अशा घरात? कुठलंही चालेल, समुद्र आणि जुनं घर पाहिजे.

फुलपात्र
सही आणि तिथी 😂 वाचूनच प्रेमात पडले आबांच्या.

उंटावरचा_शहाणा
तुमच्या आईंना दंडवत. चेष्टा नाही, त्या बरोबरच होत्या. गंडकीतला शाळिग्राम हा अमोनाइटचाच (गुंडाळलेल्या शंखाचा, कधीच नामशेष झालेला समुद्री प्राणी) जीवाश्म, आणि तो किनारा अमोनाइटसाठी प्रसिद्ध. शेजारच्या व्हिटबीत दंतकथा आहे की संत हिल्डाने तिथल्या सापांचे दगड केले. दगडाला डोकं नसायचं म्हणून पूर्वीचे लोक कोरून सापाचं डोकं बसवायचे आणि विकायचे. व्हिटबीच्या मानचिन्हावरही तीन अमोनाइट आहेत. म्हणजे तिकडे साप, इकडे विष्णू. शेषशायी म्हणून मिटवून टाकू.

झंपी
विमानतळावर अडवलं नाही का? माझी साधी लोणच्याची बरणी काढून घेतली होती

खारा_वारा
झंपी, आईनं तो पर्समध्ये रुमालात गुंडाळून हातात धरला होता. कुणी विचारलं असतं तर "देव आहे" म्हणाली असती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून सोडलंही असतं.

टेकडीवरची
हर्णै कुठलं गं? माझं आजोळ आंजर्ल्याला. पूर्वी खाडी तरीतून ओलांडायला लागायची, आजोबा तिथी बघून निघायचे ते आठवलं.
आमचं घर जांभ्याचं, पडवीत उभं राहिलं की माडांतून पाणी दिसायचं. रात्री सगळी भावंडं माजघरात ओळीनं, आणि भरतीचा आवाज इतका जवळ यायचा की धाकटा मामेभाऊ रोज विचारायचा, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं का? आजी अंथरुणातूनच, "आलं की तुलाच आधी उठवीन." हे ऐकून तो अजिबात झोपायचा नाही. आता तो मर्चंट नेव्हीत आहे.
घर उभं आहे पण आता पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही. मोठा मामा पत्रे घालू म्हणतो, आम्ही सगळे पुण्या-मुंबईत बसून नको म्हणतो. जाऊ दे, विषय भलतीकडे गेला. कुकर लावायचाय.

खारा_वारा
आबांचं बाजारपेठेच्या मागे, समुद्राच्या अंगाला. आता तिथे कुणी नाही गं. सुवर्णदुर्ग मात्र दारातून दिसायचा.

चिमणचारा
आम्हीही घेतला असाच अनुभव, नाव घेत नाही. फोटोत शंभर वर्षांचं घर, समुद्र पायरीशी. गेलो तर ऐतिहासिक म्हणजे पंखासुद्धा ऐतिहासिक. गादी खाऱ्या हवेनं दमट, कपाट उघडेना आणि उघडलं तर मिटेना. सासूबाई पहिल्या रात्री म्हणाल्या, माहेरी आल्यासारखं वाटतंय. नवऱ्याला कळेना हे कौतुक की तक्रार. मला कळलं :)

अर्धवट
तुमच्या आबांसारखा माणूस आमच्या गाडीत हवा होता. होली आयलंड, म्हणजे लिंडिसफार्न, तुमच्या त्या गावाहून बरंच उत्तरेला. बेटावर जायचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचा फलक लावलेला असतो, तरी दरवर्षी गाड्या अडकतात. अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर एक खोपटं आहे, त्यात चढून बसायचं आणि आपली गाडी बुडताना बघायची.
आम्ही अडकलो नाही. बायको फलक वाचून म्हणाली अजून वीस मिनिटं आहेत, मी म्हणालो नको. आमच्या संसारात मी बरोबर ठरल्याचा हा एकमेव प्रसंग म्हणून नोंदवून ठेवतो.
रस्ता बंद झाला की दिवसाचे पर्यटक गेलेले असतात, बेट एकदम आपलं होतं. दगडी घर, जाड भिंती, खोल खिडक्या. बायको खिडकीच्या कोनाड्यात पाय वर घेऊन दोन तास नुसती बसली होती. घरी तिला एवढं बसलेलं मी पाहिलेलं नाही.

फुलपात्र
अर्धवट, शेवटची दोन वाक्यं बायकोला दाखवा.

दक्षिणायन
खारा_वारा, त्याच किनाऱ्यावर तुमच्या गावाच्या वर स्टेथ्स आहे, कॅप्टन कुक पोरसवदा असताना तिथे एका दुकानात उमेदवारी करत होता. त्याच्या आई-वडिलांचं घर आमच्या मेलबर्नला आहे! खरंच. यॉर्कशरमधल्या ग्रेट एटनला १७५५ साली बांधलेलं. १९३४ मध्ये विटा सुट्या करून, नंबर टाकून, २५३ पेट्या आणि ४० पिंपांत भरून जहाजानं आणलं आणि फिट्झरॉय गार्डन्समध्ये परत उभं केलं. भिंतीवरच्या वेलीची कलमंसुद्धा आणली. आणि गंमत म्हणजे कुक स्वतः त्यात कधी राहिला की नाही हेच नक्की नाही.
मला तिथे पाहुण्यांना नेऊन नेऊन कंटाळा आलाय. पण बाबा आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, एवढं घर उचलून आणलं, मग त्याच्या आईला विचारलं का? तेव्हापासून बागेतून जाताना त्या घराकडे बघितलं की कसंसंच होतं.

टेकडीवरची
मामाला पाठवते हे. कौलांना नंबर टाका म्हणावं.

झंपी
गोव्यात काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या असतात त्या घरात कोणी राहिलंय का? मी राहिले एक रात्र. सकाळी उजेड दुधासारखा येतो, वेळच कळत नाही. सगळे दहापर्यंत झोपले, बस चुकली

उंटावरचा_शहाणा
पाऊणपट का चालते ते लिहायचं राहिलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. चोवीस तासांना तीस तिथींनी भागा, ४८ मिनिटं येतात, म्हणजे तिथीमागे पाऊण तास. हा सरकण्याचा हिशेब सगळीकडे लागू. पण पौर्णिमेला भरती किती वाजता हे प्रत्येक बंदराचं वेगळं, तो आपापल्या किनाऱ्याचा फरक. आबांनी चार-पाच दिवसांत नेमका तोच काढला. आज षष्ठी, साडेचार अधिक साडेपाच, दहा. व्हिटबीचं कोष्टक बघितलं. वीस मिनिटांचा फरक पडतोय.

खारा_वारा
थांबा. खरंच बघितलंत?

उंटावरचा_शहाणा
हो. फक्त एक सुचवतो. जुलैत घड्याळं तासभर पुढे असतात, आबांनी ती वेळ धरली आहे. ऑक्टोबरअखेर ती मागे जातील, तेव्हा अधिक साडेचार करावं लागेल. त्या वहीत कुणी दुरुस्ती केली असेल का?

खारा_वारा
आबांनी केली होती. "हिवाळ्यात एक वजा" असं कंसात लिहिलंय, मला आत्ता आठवलं. मी तेव्हा विचारलं होतं, हिवाळ्यात कोण मराठी माणूस येणारे इथे?

अर्धवट
पत्ता द्या.