डॉक्टरांविरुद्ध तक्रार नेमकी कुठे करायची?

प्रश्न: आईला ज्या औषधाची ॲलर्जी आहे तेच डॉक्टरांनी लिहून दिलं, आधी सांगितलेलं असूनही, तिला ॲडमिट करावं लागलं. आता विचारलं तर नीट बोलत पण नाहीत. तक्रार कुठे करू, वकील लागतोच का?

उत्तर: आई कशी आहेत आता? वकील नसला तरी चालतं. डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन ज्या मेडिकल कौन्सिलकडे आहे तिथे लेखी तक्रार जाते, पण त्याआधी केसपेपर, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड सगळ्याच्या कॉपी मागून घ्या आणि ॲलर्जीची नोंद जुन्या कागदांवर आहे का ते बघाच, केस त्यावरच उभी राहील. तक्रारीत राग नको, कोणतं औषध, कोणत्या तारखेला, नंतर काय झालं एवढंच लिहा.

उत्तर: कौन्सिल ताकीद देऊ शकते, लायसन्स सस्पेंड करू शकते, पण नुकसानभरपाई हवी तर कोर्टाचा मार्ग वेगळा, त्याला मुदत असते, थांबू नका.

प्रश्नकर्ती: आई बरी आहे आता. पैसे नकोत हो, दुसऱ्या कुणाला असं होऊ नये. जुन्या फाईलवर ॲलर्जी लाल पेनने लिहिलेली सापडली!

उत्तर: फोटो आत्ताच काढून ठेवा, आणि ओरिजिनल कुणाच्याच हातात देऊ नका.